शहर आधी नकाशात येतं

माझं गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. नागपूर जिल्हा, कुही तालुका. नाग नदी आमच्या शिवारापासून फार लांब नाही. दिवसभरात मी सगळ्यात जास्त काय काढून देत असेन तर सातबारा. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो लागायचा पीककर्जाला, नुकसानभरपाईला, विहिरीच्या अर्जाला. मृग जवळ आला की सोसायटीच्या कागदांसाठी दुकानासमोर रांग लागायची. आता ऐन कापूस वेचणीच्या दिवसांतही लोक सातबारा काढायला येतात आणि सोबत चारचाकीतून उतरलेला एक अनोळखी माणूस असतो. प्रिंट निघाली की कागद आधी त्याच्या हातात जातो. ज्याचं नाव त्यावर आहे, त्याला शेवटी दिसतो.

मागच्या हिवाळ्यात आमचे मोठेबाबा असेच आले. बाकावर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एकरभर वावर मागते तो. बयाणा आजच देतो म्हनते. तू शिकला आहेस, सांग मले, घेऊ का नोको?"

मी विचारलं, "मोठेबाबा, आपलं वावर कोणत्या झोनमध्ये आहे?"

"झोन कायचा? वावर आहे ते. नाल्याच्या धुऱ्याले."

त्यांना उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट गावात कुणी कुणाला नीट सांगितलेलीच नाही. शहर वाढतंय हे सगळ्यांना दिसतं. ते कसं वाढतं, कुठल्या कागदावर वाढतं, आणि आपण त्यात नेमके कुठे बसतो, हे मात्र दलालाला माहीत असतं आणि कास्तकाराला नसतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

महानगर म्हणजे काय

आपण नागपूर म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सीताबर्डी, इतवारी, धरमपेठ येतं. ते झालं शहर, म्हणजे महानगरपालिकेची हद्द. ती साधारण २२७ चौरस किलोमीटर आहे. २०११च्या जनगणनेत या शहरात २४ लाखांवर लोक होते. महानगर ही त्याहून वेगळी आणि खूप मोठी गोष्ट आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीत महानगर क्षेत्राची व्याख्या दिली आहे: दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येचा असा भाग, ज्यात दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती किंवा लागून असलेले इतर भाग येतात. त्यातला "पंचायती" हा शब्द नीट वाचा. म्हणजे गाव महानगराच्या बाहेर असतं ही आपली समजूत व्याख्येतच टिकत नाही.

२०१७च्या मार्चमध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं. सगळे त्याला एनएमआरडीए म्हणतात. त्याच्या क्षेत्रात ७१९ गावं आहेत आणि पसारा साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे शहराच्या पंधरा पटींहून जास्त. नागपूर ग्रामीण, हिंगणा, कामठी, मौदा, पारशिवनी यांच्यासोबत सावनेर, कळमेश्वर, उमरेड आणि आमच्या कुही तालुक्याचेही भाग त्यात येतात. ज्या गावात अजून सकाळी बंडी जुंपली जाते, पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखल होतो, ते गावही कागदावर महानगर आहे.

नागपूरची सुरुवातही अशीच झाली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं इथल्या बारा वस्त्या एकत्र करून शहर वसवलं, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलं आहे. त्या बारा वस्त्यांना राजापूर बारसा म्हणत. सक्करदरा, वाठोडा, फुटाळा, लेंड्रा ही त्यांतली म्हणून सांगितली जाणारी नावं. आज ती बसथांब्यांची आणि चौकांची नावं आहेत. तिथेही कधी काळी कुणाचा तरी धुरा (वावराचा बांध) होता, कुणाचं खळं होतं.

पुढे १८६७मध्ये रेल्वे आली, १८७७मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या गावांतून कोष्टी, हलबा, महार समाजाची माणसं गिरणीच्या कामाला लागली. १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानी गेली, नंतर गिरणीही मंदावत गेली आणि २००२मध्ये बंद पडली. तरी शहर थांबलं नाही, कारण ते देशाच्या मध्यावर आहे आणि उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असे दोन्ही मोठे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. हिंगण्याची एमआयडीसी, बुटीबोरी, मग मिहान (विमानतळालगतचा मालवाहतूक आणि उद्योगांचा प्रकल्प), मग मेट्रो. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो सुरू होतो हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून. पंधरा-वीस वर्षांपूर्वी शिवमडका हे नाव जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलं नव्हतं.

वाढायला बाहेरच का यावं लागतं

शहरात राहायला येतं कोण? आपलीच माणसं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ, पलीकडे छिंदवाडा, बालाघाट. दोन वर्षं लागोपाठ सोयाबीन गेलं, मुलीला बारावीनंतर शिकवायचं आहे, म्हाताऱ्याला डायलिसिस लागतं, अशा कारणांनी माणूस नागपूरला येतो. पगार पंधरा-वीस हजार. त्याला शहराच्या मध्यात घर परवडत नाही. मग तो दहा, वीस, पंचवीस किलोमीटर बाहेर सरकतो आणि तिथे हजार-दीड हजार चौरस फुटांचा तुकडा घेतो. अंतर वाढलं की जमीन स्वस्त होते आणि प्रवास महाग होतो. या दोन गोष्टींचा मेळ जिथे बसतो, तिथपर्यंत शहर पोचतं.

रस्ता झाला की हा मेळ बदलतो. जमीन तीच, किलोमीटर तेवढेच, पण पूर्वी सव्वा तास लागायचा आणि आता चाळीस मिनिटं लागतात. प्लॉट घेणारा मिनिटं मोजतो. म्हणून रस्त्याची नुसती आखणी जाहीर झाली तरी भाव हलतो, गिट्टी पडायच्या कितीतरी आधी. मेट्रोचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, कापसी या दिशांना आहे. या चारही दिशांच्या गावांत तुम्ही गेलात, तर खांब दिसायच्या आधी ले-आउटचे फलक दिसतील.

आमच्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे की शहरातले पैसेवाले येऊन आपली जमीन गिळतात. तसे गुंतवणूकदार आहेतच, आणि ते बरेच आहेत. पण त्या फलकांवरचे छोटे प्लॉट घेणारा बहुतेक वेळा दुसऱ्या गावच्या कास्तकाराचा पोरगा असतो. तो आणि आपण एकाच व्यवहारात दोन टोकांना फसू शकतो.

एका एकराचा हिशेब

मोठेबाबांना मी कागदावर जो हिशेब मांडून दाखवला, तोच इथे देतो. किमती फक्त उदाहरणापुरत्या धरल्या आहेत. तुमच्या गावचा भाव तुम्ही टाका.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ले-आउट टाकायचा तर सगळी जागा विकता येत नाही. आतले रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते. साधारण ६० टक्के जागा विकायला उरली असं धरा, म्हणजे २६ हजार चौरस फूट. दीड हजार फुटांचा एक असे सतरा प्लॉट पडतात. प्लॉट दहा लाखांना गेला तर एक कोटी सत्तर लाख. कास्तकाराला एकराचे पन्नास लाख दिले असतील, तर मधे एक कोटी वीस लाख उरतात.

मोठेबाबा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. पण हा सगळा नफा नाही, आणि नेमकी इथेच समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. त्या पैशांतून ले-आउटवाल्यानं पक्के रस्ते करायचे असतात, सांडपाण्याची नाली काढायची असते, विजेचे खांब उभे करायचे असतात, पाण्याची सोय करायची असते, मंजुरीचं शुल्क भरायचं असतं. प्रामाणिकपणे केलं तर त्यातला मोठा भाग इथेच जातो. न केलं तर तो खिशात राहतो. अनधिकृत ले-आउट का पडतात, या प्रश्नाचं सरळ उत्तर एवढंच आहे: नाली न काढण्यात पैसा आहे.

हे साधतं कसं, तेही ऐका. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे. त्यात वेळोवेळी सवलती आल्या, पण दीड हजार फुटांची शेतजमीन सरळ उठून विकता येत नव्हती. मग वाट काढली गेली. सात-आठ अनोळखी लोकांना एकत्र करून त्यांच्या नावे सामाईक खरेदी करायची. सातबाऱ्यावर आठ नावं, सगळ्यांचा हिस्सा एकत्र, आणि कुणाचा प्लॉट कुठला ते फक्त दलालानं आखलेल्या चुन्याच्या रेघेवर. पहिल्या पावसात रेघ जाते. असे सातबारे मी रोज काढतो. एकेका कागदावर नावांची यादी पानभर जाते. त्यांतला एक जण घरासाठी कर्ज काढायला बँकेत जातो तेव्हा त्याला कळतं की आपल्याकडे प्लॉट नाही, फक्त हिस्सा आहे.

नागपूरनं हे आधी भोगलं आहे. शहरात आजही लोक "आमचं घर १९०० ले-आउटमध्ये आहे" किंवा "५७२मधलं आहे" असं सांगतात. मंजुरीशिवाय उभ्या राहिलेल्या वस्त्यांच्या यादीतली ती संख्याच पुढे त्यांची ओळख होऊन बसली. अशी घरं नियमित करायला राज्यानं २००१मध्ये गुंठेवारीचा कायदा केला. तो १ जानेवारी २००१च्या आधीच्या प्लॉटांना लागू होता. वीस वर्षांनी ती मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे न्यावी लागली. मधल्या वीस वर्षांत तसेच ले-आउट पडतच राहिले होते. जाहिरातीत "एनए, टीपी, आरएल" अशी अक्षरं ठळक छापलेली असतात, त्यांचा धागा इथेच आहे. एनए म्हणजे शेती सोडून दुसऱ्या वापराची परवानगी. टीपी म्हणजे नगररचना विभागाची मंजुरी. आरएल हे विकास शुल्क भरून प्राधिकरणाकडून मिळणारं पत्र. ही अक्षरं फलकावर असून उपयोग नाही. कागद हातात घेऊन त्यावरचा खसरा नंबर, म्हणजे वावराचा सर्व्हे नंबर, आपल्या सातबाऱ्याशी जुळवून पाहायचा.

झोन म्हणजे मोठेबाबांच्या वावराचा रंग

प्राधिकरण सगळ्या क्षेत्राचा विकास आराखडा करतं. त्या नकाशावर प्रत्येक खसऱ्याला रंग असतो. पिवळा म्हणजे राहण्यासाठी, जांभळा म्हणजे उद्योगासाठी, हिरवा म्हणजे शेतीसाठी. त्यावर प्रस्तावित रस्त्यांचे पट्टे असतात, शाळा, दवाखाना, बाजार यांची आरक्षणं असतात. एकाच धुऱ्याच्या अलीकडे पिवळा आणि पलीकडे हिरवा असू शकतो. माती तीच, विहीर सामाईक, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक.

हा रंग ठरतो तेव्हा लोकांना हरकत घेण्याचा हक्क असतो. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा आधी प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते, मग शासन मंजुरी देतं. नागपूर महानगराचा प्रारूप आराखडा २०१५मध्ये आला, तेव्हा हजारो हरकती गेल्या. आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. त्या काळात आमच्या गावात कुणी नकाशा पाहिला होता का, हे मी विचारून बघितलं. दोघांनी पाहिला होता. त्यांतला एक आज दलालीच करतो.

२०२५मध्ये राज्य सरकारनं हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथे सुमारे ६९२ हेक्टरांवर नवं व्यापारी केंद्र उभारायचं ठरवलं. सोबत शहराभोवती बाहेरून फिरणारा नवा वळणरस्ता आहे. बातमी वाचून एका शहरी मित्रानं मला विचारलं, रिठी म्हणजे काय? रिठी म्हणजे ज्या गावात वस्ती उरलेली नाही, फक्त शिवार आहे. पटवारी दप्तरात असं गाव जिवंत असतं, त्याला नंबर असतो, नकाशा असतो, फक्त चूल पेटत नाही. शहरातल्या माणसाला वाटतं रिठी म्हणजे मोकळी जागा. पण रिठीची शेती कुणीतरी करतच असतं. शेजारच्या गावातून सकाळी डबा घेऊन माणूस तिथे जातो.

मोठेबाबांसाठी आम्ही झोन दाखला आणि भाग नकाशा यांसाठी अर्ज केला. अर्जाला सातबारा आणि मोजणीचा नकाशा लागतो. तो दाखला हातात येईपर्यंत बयाणा घ्यायचा नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बयाणा घेतला, इसारचिठ्ठीवर सही झाली, की मग मागे फिरायची वाट अरुंद होते. आणि आममुखत्यारपत्रावर सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलायचं नाही. त्या कागदानं तुमच्या वावराचे निर्णय दुसराच माणूस घेऊ लागतो. शिवाय बहिणींची, आत्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत का ते पाहायचं. त्या कित्येक वर्षांत माहेरी आल्या नसतील, पण हिस्सा त्यांचाही आहे आणि तो त्यांना मिळाला पाहिजे.

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं

जमिनीबद्दल निदान चौकाचौकात बोलणं होतं. पाण्याबद्दल होत नाही, आणि माझ्या मते आमच्या भागासाठी तीच जास्त मोठी गोष्ट आहे.

नागपूर प्यायला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून घेतं. तोतलाडोह आणि खाली नवेगाव खैरी, पारशिवनी-रामटेकच्या जंगलपट्ट्यात. ते धरण बांधलं गेलं ते पारशिवनी, रामटेक, मौदा, कामठी या बाजूच्या शेतीसाठीही. लाभक्षेत्र सुमारे एक लाख हेक्टर, त्यात धान मोठ्या प्रमाणावर. पुढे वरच्या अंगाला मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झालं आणि खाली येणारं पाणी घटलं. २०१९च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड नळ सोडायची पाळी आली. तेव्हा शहराच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की आपलं पाणी कुठून येतं. धानवाल्याला ते आधीपासून माहीत होतं. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, हे धोरण आहे आणि ते बरोबरच आहे. पण शहर जसजसं वाढेल, तसतसं रोवण्याच्या वेळचं पाणी आखडत जाईल, हेही त्यातच आलं.

मोजमापातला फरकही बघा. शहरी नळयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. गावासाठी जलजीवन मिशनमध्ये ५५ लिटर. महानगरात एका रस्त्याच्या दोन बाजूंना ही दोन मापं लागू होऊ शकतात.

आता पुढचा भाग. माणूस जितकं पाणी वापरतो, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. पंचवीस लाख माणसं आणि १३५ लिटर धरले, तर दिवसाला ३३ कोटी लिटरच्या वर पाणी लागतं आणि २७ कोटी लिटर सांडपाणी तयार होतं. हा फक्त कागदावरचा कमीत कमी हिशेब. ते जातं कुठे?

ते आमच्याकडे येतं. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून शहरात शिरते, भर वस्तीतून वाहते, पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि दोघी कन्हानला जातात. कन्हान वैनगंगेला. आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण. त्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्याच्या पाण्याखाली भंडारा जिल्ह्यातली आणि आमच्या कुही तालुक्यातली गावं गेली. माणसं देव, चिंचेची झाडं, स्मशानं मागे ठेवून पुनर्वसनात आली. ज्या पाण्यासाठी त्यांनी गाव सोडलं, त्याच पाण्यात आज नागपूरचं सांडपाणी येऊन मिसळतं. मला यापेक्षा मोठा अन्याय आमच्या तालुक्यात दुसरा दिसत नाही.

एप्रिलमध्ये आमच्या जवळच्या पुलावर उभे राहा. इतर नद्या तेव्हा आटलेल्या असतात, ही वाहत असते. पाणी काळं, आणि जिथे खडकावरून पडतं तिथे पांढरा फेस हातभर उंच साचतो. वारा आला की त्याचे गोळे उडून काठच्या बोरी-बाभळींना चिकटतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या फांद्यांवर पुराच्या उंचीपर्यंत लटकलेल्या असतात. काठावर मोटारपंप लावलेले दिसतात. कास्तकार हे पाणी वांग्याला, पालकाला, सांभाराला (कोथिंबिरीला) देतो, कारण उन्हाळ्यात दुसरं पाणी नाही. तोच सांभार पहाटे कॉटन मार्केटला जातो आणि शहराच्या स्वयंपाकघरात परत पोचतो. मोठेबाबा याच नदीत पोहायला शिकले. आज ते ढोरंसुद्धा तिच्यात घालत नाहीत.

ज्या दिवशी समृद्धीचं उद्घाटन झालं, त्याच ११ डिसेंबर २०२२ला नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्पाचीही पायाभरणी झाली. खर्च १,९००कोटींहून जास्त. नवी मलनिस्सारण केंद्रं बांधायची आणि सांडपाण्याच्या जुन्या वाहिन्या सुधारायच्या. एक काम शहरानं आधीच चांगलं केलेलं आहे, ते सांगितलं पाहिजे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. त्यामुळे तेवढं ताजं पाणी पेंचमध्ये वाचतं. देशात असं काम करणारी शहरं थोडी आहेत. माझं म्हणणं एवढंच की शुद्ध झालेल्या पाण्यात खालच्या गावांच्या शेतीचाही ठरलेला वाटा असावा. सांडपाणी हे असं एकच पाणी आहे, जे भर मे महिन्यातही कमी होत नाही. ते नीट शुद्ध होऊन मिळालं, तर आमच्या भागातला कास्तकार वावर विकायच्या गोष्टी कमी करेल.

नाल्याबद्दलही थोडं. वावरात पाऊस पडतो तेव्हा काळी माती बराचसा पिऊन घेते, उरलेला नाल्यानं हळूहळू जातो. तिथे स्लॅब, डांबर आणि फरशी आली की पाणी मुरत नाही, सगळं एकदम धावतं. त्यात ले-आउटवाल्यानं नाला बुजवून दोन प्लॉट जास्त काढलेले असतात. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागेकाठच्या वस्त्यांत घरांच्या आत पाणी शिरलं, माणसं गेली. पाण्याची जागा पाणी विसरत नाही, असं आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात. मोठेबाबांचं वावर नाल्याच्या धुऱ्याला आहे, म्हणून मला त्याची जास्त काळजी होती.

परवानगी एकाची, कचरा दुसऱ्याचा

महानगर क्षेत्रात बांधकामाची परवानगी प्राधिकरण देतं. पण त्या घरातला कचरा, नालीतलं पाणी, रस्त्यावरचा दिवा, नळाची तक्रार ग्रामपंचायतीकडे येते. दोन हजार वस्तीच्या गावात चार ले-आउट पडले आणि पाचशे घरं झाली, तरी ग्रामपंचायतीकडे माणसं तेवढीच, ट्रॅक्टर एकच. घर वाढवण्याचा निर्णय एका ठिकाणी आणि त्याचा भार दुसऱ्या ठिकाणी, ही महानगराच्या कारभारातली सगळ्यात कच्ची जागा आहे. नवे राहणारे सरपंचाला बोल लावतात, जुने गावकरी नव्यांना, आणि नाली तशीच तुंबलेली.

वस्ती आणखी वाढली की गावाची नगरपंचायत किंवा नगरपरिषद होते, किंवा ते शहरात जातं. वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी, बेसा-पिपळा ही नावं आठवा. हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३मध्ये महानगरपालिकेत गेले. त्यानं पैसा आणि अधिकारी वाढतात, हे खरं. पण रोजगार हमीचं काम फक्त ग्रामीण भागात मिळतं, ते बंद होतं. घरकुलाची योजना बदलते. घरकर वाढतो. गावठाणात कुडाच्या घरात राहणारी, दुसऱ्याच्या वावरात निंदण करणारी बाई कागदावर एका दिवसात शहरी होते. तिच्याकडे विकायला वावर नव्हतं, त्यामुळे वाढलेल्या भावातून तिला काही मिळालेलं नसतं. मजुरीचं वावर मात्र गेलेलं असतं. तिची पोरं मग अपडाऊन करतात, सकाळी साडेसहाच्या ऑटोनं एमआयडीसी, रात्री आठला परत. महानगराच्या चर्चेत जमीनमालकाचं सगळे बोलतात, हिचं कुणी बोलत नाही.

मोठेबाबांचा दाखला महिनाभरानं आला. वावर हिरव्यात निघालं आणि नाल्याच्या बाजूचा एक पट्टा प्रस्तावित रस्त्यात. चारचाकीवाला माणूस मात्र "लवकरच पिवळा होतो" असं सांगून त्याच वावराचे प्लॉट पाडणार होता. मोठेबाबांनी त्याला नाही म्हटलं. पुढे विकणारच नाहीत, असं मी म्हणत नाही. त्यांना गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे, नातवाच्या शिक्षणाला पैसे हवेत. विकायचं झालं तर काय विकतोय ते माहीत असून विकतील.

त्यानंतर मी गावाचा भाग नकाशा मोठ्या आकारात छापून दुकानाच्या भिंतीवर लावला. लोक येतात, चष्मा नाकावर सरकवतात आणि बोट फिरवत आपला धुरा शोधतात. आधी मारुतीचं देऊळ सापडतं, मग पांदण, मग नाला, आणि नाल्यावरून वावर. परवा एक आजी बराच वेळ शोधत होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी त्यांचा खसरा दाखवला, तर त्यांनी विचारलं, "हा रंग कोनं ठरवला?" त्यांचा प्रश्न मी जसाच्या तसा लिहून घेतला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी आम्ही सतरा जणांनी सहीनिशी दोन विषय दिले आहेत: आराखड्यातला गावाचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर कायमचा लावावा, आणि शिवारातले सगळे नाले मोजून त्यांच्या काठाला दगड रोवावेत. ग्रामसेवकांनी अर्जाची पोच दिली आहे.